शेवटचा शब्द गिळायचा नाही

बोरझरी गावानं भागीरथाला उपसरपंच केलं ते तिच्या एकाच गुणावर. ती बोलत नसे.

झालं असं की गावात तट दोन, एक वामनरावांचा, दुसरा विठ्ठलरावांचा. वामनराव सरपंच झाले तसं विठ्ठलरावांनी उपसरपंचपद मागितलं, आणि काही झालं तरी ते त्यांना द्यायचं नाही असं वामनरावांच्या माणसांनी ठरवलं. बैठक अडली ती अडलीच. नव्या कायद्यानं पंचायतीत बायांसाठी जागा राखल्या होत्या आणि त्यातल्या एका जागेवर पुंडलिकरावांची बायको भागीरथा नुसती नावाला आलेली. कुणीतरी कंटाळून म्हणालं, हिलाच करा. दोन्ही तटांना पटलं, कारण ही कुणाच्याच बाजूनं तोंड उघडणार नाही याची दोघांनाही सारखीच खात्री होती. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात ते खरं, पण लाभ झाल्याचं त्या तिसरीला नीट सांगायलासुद्धा कुणी थांबलं नाही.

भागीरथाला मात्र आनंद झाला होता. इतका, की त्या दिवशी चुलीपुढं बसून तिनं आपलं नाव हळूच म्हणून पाहिलं, उपसरपंच भागीरथाबाई. चुलीलाही ऐकू गेलं नसेल, पण तिच्या अंगावर काटा आला.

मुळात तिचा आवाज असा नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा घरात सासरे, थोरले दीर, येणीजाणी. सुनेनं पुरुषांसमोर आवाज काढायचा नाही, चहा झाला की दाराआडून बांगड्या वाजवायच्या. पुढं सासरे गेले, दीर वेगळे निघाले, धाकात ठेवणारं कुणी उरलं नाही. आवाज मात्र परत आला नाही. वाक्य सुरू व्हायचं बरं, पण शेपटीकडं विरून जायचं. ‘जेवायला या’ मधला ‘या’ पुंडलिकरावांनी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. वाटेत बसलेल्या गाईला ती ‘हट्’ म्हणाली तर गाय रवंथ करत तिच्याकडे बघत राहायची.

आणि एकोणीसशे साठच्या कार्तिकात घाटंजीच्या बाजारातून परत येताना सरपंच वामनराव बैलबंडीवरून पडले. पाय मोडला. यवतमाळच्या दवाखान्यात पलिस्तर चढलं आणि पंचायतीची खुर्ची आपसूक भागीरथाकडे आली.

खुर्ची सागवानी होती, हातांची, गावच्या सुतारानं केलेली. पहिल्या बैठकीला भागीरथा तिच्या काठावर बसली, जणू कुणी उठवायला येणारच आहे. ती म्हणाली, “सभा सुरू...” आणि पुढचं पोटात गेलं. मंडळींचं बोलणं आधीच सुरू होतं, ते तसंच चाललं. विठ्ठलराव बोलले, त्यांच्यावर तिघं बोलले, मग सगळे मिळून बोलले. शेवटी विठ्ठलरावच धोतर झटकत उठले आणि म्हणाले, “चला, सभा संपली.” सगळे गेले. सचिवानं सहीसाठी कागद पुढं केला.

विठ्ठलराव दारात थांबले. माणूस दुष्ट नव्हता, फक्त आपल्यावाचून गावाचं अडतं अशी त्यांची पक्की समजूत होती.

“वयनी, राग नका धरू,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यात शाळेसाठी अख्ख्या गावची सभा हाय. ब्लॉकचे साहेब येनार. तुमचा आवाज या खोलीत पोचत नाई, तं बाहेर लिंबाखाली कसा पोचन? त्या सभेत जमलं तं ठीक, नाई तं तिथंच राजीनामा देऊन द्या. मी सांभाळून घेतो.”

भागीरथानं काहीतरी उत्तर दिलं. ‘देतो’ म्हणाली की ‘नाई देत’ म्हणाली ते विठ्ठलरावांना कळलं नाही, सचिवालाही कळलं नाही.

शाळेचा मामला सोपा नव्हता. शाळा मारुतीच्या ओसरीत भरायची. आता सरकार दोन खोल्या बांधून देणार होतं, फक्त जागा गावानं सभेत ठरवायची. गावचे म्हणत होते मारुतीजवळच बांधा. नाल्यापलीकडं बंजाऱ्यांचा तांडा होता, ते म्हणत होते आमच्याकडं बांधा, पोरांना पावसाळ्यात नाला ओलांडता येत नाही. सभा भांडणात मोडली तर खोल्या दुसऱ्या गावाला जाणार होत्या. म्हणजे सभा चालवणाऱ्याचा कस लागणार होता, आणि चालवणारी ही.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं.

“मंग? राजीनामा द्याचा हाय का तुले?” पुंडलिकरावांनी विचारलं.

“नाई.”

“काय म्हटलं?”

“नाई.”

“पाह्य, हे मलेबी दुसऱ्या खेपेले ऐकू आलं.” ते हसायला लागले. “अवं, बोलनाऱ्याच्या एरंड्या इकतात, न बोलनाऱ्याचे गहू पडून राहतात.”

भागीरथाला राग आला, आणि रागात ती म्हणाली, “मले त्या खुर्चीवर बसाचं हाय.” हे वाक्य शेवटपर्यंत नीट आलं.

कापसाची वेचणी चालू होती. तांड्यातल्या बाया वेचायला यायच्या आणि त्यांची म्होरकी धनीबाई. केस पिकलेली, हातभर बलोया म्हणजे पांढऱ्या बांगड्या घातलेली, अंगानं काटकुळी. दुपारी ती शेताच्या त्या टोकाला होती आणि भागीरथा या टोकाला. धनीबाई सहज बोलल्यासारखी म्हणाली, “बाई, पानी आना.” ओरडली नाही, हात तोंडाशी नेला नाही. आणि ‘आना’ हा शब्द जसा निघाला तसा, एक काना न सांडता, भागीरथाच्या कानात येऊन बसला. असं आजवर शंभरदा झालं असेल. त्या दिवशी पाण्याची घागर घेऊन भागीरथा जवळजवळ पळत सुटली.

“धनीबाई, हे मले शिकवा.”

“काय शिकवू?”

“असं बोलनं.”

धनीबाई हसली. तांड्यात तिचं एक काम होतं. लग्न ठरलेल्या पोरींना ती ढावलो शिकवायची. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीनं रडत गायचं गाणं. आई, बाप, भाऊ, मैत्रिणी, एकेकाच्या गळ्यात पडून नवरी गाते, आणि ती काय म्हणते ते अख्ख्या तांड्याला ऐकू जावं लागतं. लग्नाआधी कितीतरी दिवस पोरी धनीबाईकडे बसून तो शिकतात.

“बाई, मी तं पोरीईले रडनं शिकवतो,” धनीबाई म्हणाली. “तुमाले सभेत रडाचं हाय का?”

“शिकवलं नाई तं तेच होईन,” भागीरथा म्हणाली.

आणि शिकवणी सुरू झाली. दुपारची भाकर खाऊन बाया पळसाखाली टेकल्या की या दोघी बांधावर. गुरू झाल्यावर धनीबाईनं पहिल्याच दिवशी ‘तुमी’चं ‘तू’ केलं, आणि भागीरथाला ते फार आवडलं.

पहिला धडा भरल्या घागरीचा. डोक्यावर घागर घ्यायची आणि बोलायचं. “बोलताना तुही मान खाली जाते,” धनीबाई म्हणाली. “मान खाली गेली का आवाज पायात पडते. आता गेली तं पानीच सांगन तुले.” थंडीचे दिवस. भागीरथा रोज भिजून घरी यायची, आणि पुंडलिकराव विचारायचे, “आज कोन्या गावची सभा भरली होती?” पुढं पुढं नुसता पदराचा काठ ओला व्हायचा. मग एके दिवशी ती कोरडीच घरी आली आणि हुंदडत ओसरीवर चढली.

दुसरा धडा पोटाचा. धनीबाईनं तिच्या पोटावर तळवा ठेवला. “इथून. गळ्यातून बोलशील तं गळा बसन. इथून बोलशील तं दिवसभर बोलशील.” आणि तिसरा धडा सगळ्यात मोठा.

“नवरी गळ्यात कोनाच्या पडते? एकाच्याच. अन् ऐकते कोन? सारा तांडा. काहून? नवरी साऱ्याईले सांगतच नाई. ते एकाले सांगते. अन् शेवटचा शब्द गिळत नाई. शेवटचा शब्द गिळला तं याडीले कसं समजन, पोरगी काय म्हनून राह्यली?” याडी म्हणजे आई.

भागीरथाला वेड लागलं. ‘सभा सुरू करतो’ हे तिनं दूरच्या पळसाला सांगितलं, बैलांना सांगितलं, बुजगावण्याला तर इतकं बजावून सांगितलं की त्यानं हात जोडायचेच बाकी होते. ‘करतो’ मधला ‘तो’ जेव्हा पहिल्यांदा बांधापलीकडं जाऊन पडला, तेव्हा ती स्वतःच चमकली. हा आपला आवाज आहे? इतकी वर्षं हा कुठं होता? आणि एका सकाळी वाटेत बसलेल्या गाईला ती ‘हट्’ म्हणाली अन् गाय ताडकन् उठली. भागीरथा शेणाचे हात तसेच घेऊन नवऱ्याला सांगायला धावली.

पण अति तिथं माती. दम शिकता शिकता तिच्या गळ्यात ढावलोचा सूरही शिरला, आणि ते तिला कळलं नाही. एका दुपारी धनीबाई दुसऱ्या ओळीत वेचत होती. भागीरथा एकटीच बांधावर उभी राहिली, डोळ्यांपुढं सभा आणली, सभेत मध्येच बोलणारे विठ्ठलराव आणले आणि भरल्या गळ्यानं, लांब हेल काढून म्हणाली, “विठ्ठलभाऊजीऽऽ, तुमी खालीऽऽ बसाऽऽ...”

तांड्यातल्या बाईनं हा सूर ऐकला की ती बसून राहत नाही. रडणारीला एकटं ठेवायचं नाही, तिच्या गळ्यात पडायचं आणि तिच्या रडण्यात आपलं रडणं मिळवायचं, ही त्यांची रीत. वेचणाऱ्या बायांनी ओटीतला कापूस तिथंच टाकला आणि धावत येऊन भागीरथाला मिठ्या मारल्या. सूर रडण्याचा आणि नाव विठ्ठलरावांचं, म्हणजे काय झालं असेल ते उघडच होतं. सगळ्या विठ्ठलरावांच्या नावानं सुरेल रडायला लागल्या. भागीरथा मधोमध गुदमरून “अवं नाई, अवं नाई” म्हणत होती, आणि नेमकं तेव्हाच तिच्या आवाजानं दगा दिला. शेजारच्या शेतातली माणसं पळाली, गावात बातमी गेली, आणि थोड्या वेळानं धापा टाकत, “कोन गेलं, कोन गेलं?” असं विचारत बांधावर आले ते खुद्द विठ्ठलराव.

ते फार चिडले. “मी जित्ता असताना माह्या नावानं रडून राह्यल्या?” म्हणाले, आणि आता सभेतच बघतो असं बजावून गेले.

भागीरथाला लाजेनं तोंड दाखवायला जागा उरली नाही. “मी राजीनामा देतो,” ती म्हणाली. धनीबाई मात्र हसून हसून जमिनीवर बसली होती. ओढणीनं डोळे पुसत ती म्हणाली, “राजीनामा देतो म्हटलं ते बी नाल्यापार गेलं असन. आवाज आला बाई तुले. आता सूर इथंच ठेव, तो आमचा हाय. दम तेवढा ने.”

मग ती गंभीर झाली. “एक राह्यलं. रडताना थांबाचं नसते, सभेत थांबाचं असते. आमच्या नसाबीत, तांड्याच्या पंचायतीत, गलका झाला का नायक, तांड्याचा म्होरक्या, अजूनच गप होते. लोकाईले वाटते, हा काहून बोलत नाई? अन् मंग तेच गप होतात. पन हे मी पाह्यलं हाय नुसतं, केलं नाई. ते तुह्यं तुलेच करा लागन.”

सभेच्या दिवशी लिंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेसाठी जितके आले, तितकेच विठ्ठलरावांना जिवंतपणी रडणारी बाई बघायला आले. ब्लॉकचे साहेब जीपमधून उतरले. तांड्याचे पुरुष नायक देवसिंगच्या मागं बसले, तांड्याच्या बाया पार कडेला, नाल्याच्या अंगाला उभ्या राहिल्या. भागीरथा घरातून निघाली ती डोक्यावर भरली घागर असल्यासारखी. खुर्चीपुढं उभी राहिली. सगळ्यांत लांब धनीबाई दिसत होती. भागीरथानं तिला एकटीला सांगितलं.

“सभा सुरू करतो.”

लांब उभी असलेली धनीबाई मान हलवून हसली. पोचलं होतं. भागीरथाच्या पायांच्या बोटांपर्यंत झिणझिण्या गेल्या, आणि तिला ते वाक्य उगाच पुन्हा एकदा म्हणावंसं वाटलं.

तिनं शाळेचा विषय मांडला आणि जे व्हायचं ते झालं. विठ्ठलराव उठले, देवसिंग उठला, मागची माणसं उठली. नाला, मारुती, पोरं, बापजादे, सगळं एकदम सुरू झालं. “एकानं बोला,” ती दोनदा म्हणाली. ऐकतो कोण. साहेबांनी घड्याळ बघितलं. विठ्ठलरावांनी तिच्याकडं असं बघितलं, की बघा, सांगत नव्हतो?

त्या वेळी भागीरथाच्या जिभेवर तो सूर आला होता. एक हेल काढला असता तर तांड्याच्या बाया रडत धावल्या असत्या आणि सगळी सभा चिडीचूप झाली असती. मोह फार मोठा होता. पण सूर तिचा नव्हता. तिनं तोंड मिटलं, मान वर ठेवली आणि फक्त विठ्ठलरावांकडं बघत उभी राहिली. ती बसली नाही. साहेब मध्ये पडायला उठू लागले. तिनं हातानं ‘बसा’ अशी खूण केली आणि साहेब बसले. ते पुढच्यांनी पाहिलं. पुढचे गप्प झाले, मग मधले, आणि शेवटी विठ्ठलरावांना कळलं की लिंबाखाली आता आपला एकट्याचाच आवाज चाललाय. त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

“आता एकानं बोलाचं, बाकीच्यानं ऐकाचं,” भागीरथा म्हणाली. “पयले विठ्ठलभाऊजी. मंग देवसिंग नाईक. मंग ज्याचा हात वर असन तो.”

आणि सभा चालायला लागली. अहाहा, काय चालली. विठ्ठलराव बोलले, पुरतं बोलले, कुणी तोडलं नाही, तर त्यांचं म्हणणं त्यांनाच वाटत होतं त्यापेक्षा लवकर संपलं. देवसिंग बोलला. मग गावचा कोतवाल उकंडा, जो आयुष्यभर दुसऱ्याची दवंडी पिटत आला होता, त्यानं कधीचा धरलेला हात तिला दिसला. “मी मघापासून म्हनून राह्यलो,” तो म्हणाला, “नाल्याच्या वर टेक हाय. नाला तिथून खाली सुरू होते. तिथं बांधली तं कोनालेच नाला लागत नाई. चालाले लागन, दोघाईले सारखंच.”

कुजबुज झाली. “मारुती सोडून इतक्या लांब?” विठ्ठलराव म्हणाले. “पावसाचे चार दिवस पोरं नाई आली तं काय बिघडते?”

“बायाईपैकी कोनाले बोलाचं हाय?” भागीरथानं विचारलं. कुणी हललं नाही. “धनीबाई?”

बायांनी धनीबाईला पुढं ढकललं. आणि जिचा आवाज शेताच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा, ती धनीबाई इतक्या पुरुषांपुढं, साहेबापुढं उभी राहिली आणि तिच्या तोंडून आवाजच फुटेना. ओढणी तोंडावर आली, मान खाली गेली. ती काहीतरी पुटपुटली. कुणीतरी हसलं.

“हसाचं नाई,” भागीरथा म्हणाली, आणि मग हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “धनीबाई, मान वर. माह्याकडं पाह्य. मले एकटीले सांग. अन् शेवटचा शब्द गिळू नको.”

धनीबाईनं मान वर केली.

“बाई, माही नात हाय. नाल्याले पूर असला का ते काठावर जाऊन बसते. इकडं ओसरीत पोरं पाढे म्हनतात, ते तिकडं काठावरून त्याईच्या संगं म्हनते. ओरडून म्हनते. पूर उतरला का शाळेत जाते, तं मास्तर म्हनते, तू गैरहजर होती.” ती थांबली. दम घेतला. “बाई, पोरगी हजर होती. नाल्याच्या पलीकडं हजर होती. तिचा आवाज तेवढा पोचत नव्हता.”

‘नव्हता’ लिंबाखालून मारुतीच्या ओसरीपर्यंत गेला. तिथं मास्तर उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

भागीरथा थांबली, आणि ते थांबणं या वेळी शिकलेलं नव्हतं. मग तिनं विचारलं, “टेकावर शाळा. कोनाकोनाचा हात?” तांड्याचे हात गेले, गावातल्या बायांचे गेले, उकंडाचा गेला, पुंडलिकरावांनी तर दोन्ही वर केले आणि एक खाली घ्यावा लागला. गावचे पुरुष विठ्ठलरावांकडं बघत होते. विठ्ठलराव जमिनीकडं बघत होते. मग त्यांनी उपरणं सारखं केलं आणि हात वर केला, आणि त्यांच्या मागं सगळं गाव.

साहेबांनी लिहून घेतलं. विठ्ठलराव सवयीनं धोतर झटकत उठले. “चला, सभा...”

“भाऊजी,” भागीरथा म्हणाली, “बसा. सभा मी संपवतो.”

विठ्ठलरावांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं नजर काढली नाही. “हो वयनी,” ते म्हणाले आणि बसले. राजीनाम्याचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. वामनराव पाय बरा होऊन परत आले तरी सभा तापली की तेच म्हणायचे, खुर्चीवर वयनीले बसवा.

पण ते पुढचं. त्या दुपारी भागीरथानं पुन्हा धनीबाईला शोधलं. ती नाल्याच्या अंगाला ओढणीनं तोंड पुसत उभी होती. भागीरथानं तिला एकटीला सांगितलं.

“सभा संपली.”

कुणीच उठलं नाही. सगळे तिच्याकडं बघत बसून राहिले, साहेबसुद्धा. शेवटी भागीरथालाच हसू आलं. ती म्हणाली, “आता घरी जा ना,” आणि मग गाव उठलं.